साबणाचं पाणी

“हे काय आहे?” माझ्या ओट्याखालचं कपाट उघडून आप्पांनी विचारलं.

घरात येऊन त्यांना चार मिनिटं झाली नव्हती. पाण्याचा ग्लास अजून माझ्याच हातात होता. तेजल दारात पिशव्या उतरवत होती, तिची आई चपला काढत होती, आणि हा माणूस सरळ स्वयंपाकघरात शिरून गुडघ्यावर बसला होता.

“स्टॉक आहे, आप्पा,” मी म्हणालो. म्हणालो कसला, छाती फुगवून सांगितलं. “ग्रिलच्या दोन भरलेल्या टाक्या. ऐन वेळी गॅस संपला, असं आपल्याकडे व्हायचं नाही.”

कपाटातली फळी काढून मी त्या दोन पांढऱ्या, गुबगुबीत टाक्या शेजारी शेजारी बसवल्या होत्या. आप्पांनी एकदा टाक्यांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

“साळवी,” ते म्हणाले, “आधी ह्या बाहेर काढ. पाणी मग पिऊ.”

ही मंडळी कोण ते आधी सांगतो. गोष्ट बारा वर्षांपूर्वीची. मी तेव्हा अमेरिकेत, ओहायो राज्यात, कोलंबसच्या बाहेर एका भाड्याच्या घरात राहत होतो. मागे चटईएवढं अंगण आणि त्यात माझं ग्रिल, म्हणजे गॅसवरची भाजायची शेगडी. तेजल फालक आणि मी एकाच ऑफिसात. दोन वर्षं बरोबर डबा खाल्ला आणि लग्न करायचं ठरवलं. पण तिने मला स्वच्छ सांगितलं होतं, “आप्पा हो म्हणाले तरच. नाही म्हणाले तर मी पळूनबिळून येणार नाही, आत्ताच सांगते.”

आप्पा म्हणजे मुरलीधर फालक, राहणार जळगाव. एकतीस वर्षं गॅस एजन्सीत मेकॅनिक. कुणाकडे वास आला, रेग्युलेटर बसेना, शेगडी भडकली, की हत्यारांची पिशवी घेऊन आप्पा सायकलवर हजर. तक्रारवहीत गिऱ्हाइकाचं आडनाव लिहिलेलं असायचं, त्यामुळे सगळ्या जगाला आडनावाने हाक मारायची त्यांची सवय. लेकीकडे दोन महिने राहायला आले होते आणि येत्या मंगळवारी परत जाणार होते.

आणि यावलला एक स्थळ होतं. मुलगा पुण्यात इंजिनिअर, घरची केळीची बागायत, माणसं तोलामोलाची. मुलाच्या वडिलांना आप्पांनी शब्द दिला होता, रविवारी तिकडे उजाडलं की हो किंवा नाही कळवतो म्हणून. आप्पा मला तोवर दोनदा भेटले होते, दोन्ही वेळा हॉटेलात, आणि दोन्ही वेळा “बरं आहे” याच्या पुढे गेले नव्हते. म्हणजे माझ्या हातात शनिवारचं एक जेवण होतं. काकू, म्हणजे तेजलची आई, आधीच माझ्या बाजूच्या होत्या, कारण मी त्यांनी तेजलच्या डब्यातून पाठवलेली शेवभाजी नाकातोंडातून पाणी काढत का होईना, दोनदा मागून घेतली होती. प्रश्न आप्पांचा होता.

“आप्पांना भरीत-पुरी कर,” तेजलने सुचवलं.

“जळगावच्या माणसाला गुहागरच्या माणसाने भरीत करून घालायचं?”

“वांगी तू भाज. बाकीचं आई बघेल.”

म्हणून हा सगळा घाट. आणि म्हणूनच तो स्टॉक. गुहागरला आमच्याकडे पावसाळ्यात गॅसची गाडी आठ-आठ दिवस यायची नाही. भरलेला दुसरा सिलिंडर म्हणजे आमच्या आईचा दागिना होता. त्याला तिने क्रोशाचं झाकण विणलं होतं. अशा घरात वाढलेल्या माणसाने टाक्या कुठे ठेवायच्या? स्वयंपाकघरात, डोळ्यांसमोर! चोर आला तर टीव्ही नेईल, गॅस नको.

टाक्या मी एकेक करून मागच्या दाराने अंगणात नेल्या. आप्पांनी उत्तरेच्या भिंतीलगत सावलीची जागा शोधली आणि त्या उभ्या ठेवायला लावल्या.

“पण आप्पा, आपल्याकडे सिलिंडर घरातच असतो की,” मी जरा कुरकुरलो.

“असतो. एक. चालू असलेला, उघड्यावर, खिडकीपाशी. ओट्याखाली दार लावून ठेवलेला दिसला ना, तर मी आधी ते दार काढायला लावायचो. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, बावा. सुटला तर वर जात नाही, पाण्यासारखा फरशीवर पसरतो. बंद कपाटात तो जाणार कुठं? तुझ्या पायाशी बसून राहील, आणि तू वर चहा ठेवायला बटण दाबशील. आणि ह्या तर बाहेर वापरायच्या टाक्या. ह्यांनी बाहेरच राहायचं. गॅरेजमध्ये नाही, तळघरात नाही, उन्हातल्या गाडीत नाही.”

मी मान डोलावली. पहिल्या चेंडूवर दांडी उडाली होती. तेजल काकडी चिरायला घेऊन बाहेर आली होती आणि खाली मान घालून हसत होती.

आप्पांनी चष्मा पुसायला घेतला. पुसता पुसता सहज विचारलं, “टाकी बदलल्यावर साबणाचं पाणी लावून बघतोस ना?”

आता खरं सांगायचं तर साबणाचं पाणी टाकीला कशासाठी लावतात हेसुद्धा मला माहीत नव्हतं. मला वाटलं टाकी धुवायची असेल. पण एक विकेट गेलेली, समोर आप्पा, आणि यावल डोक्यावर बसलेलं.

“हो तर!” मी म्हणालो. “दर वेळी.”

तेजलची सुरी थांबली. स्वतःची कॉफीची कपबशीसुद्धा दोन दिवस न धुणारा माणूस ती रोज बघत होती.

“शाब्बास,” आप्पा म्हणाले. चष्मा लावला, खुर्ची ओढली आणि ऐसपैस बसले. “मग मला उठायला नको.” आणि स्वयंपाकघराच्या खिडकीकडे मान करून ओरडले, “अगं, ऐकलं का? पोरगा व्यवस्थित आहे!”

ते ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, खोटं कशाला बोलू. पण त्याबरोबर ते माझं ‘दर वेळी’ही डोक्यात घोळायला लागलं.

मी ग्रिल पेटवलं. नऊ वांगी होती, इथली जांभळी. जळगावची हिरवी, पांढऱ्या रेघांची वांगी इथे कुठून आणायची? आप्पांनी एक हातात घेऊन वजन केल्यासारखं केलं. “वांगं आहे म्हणायचं,” एवढंच म्हणाले. मी तेलाचा हात फिरवून, चिरा पाडून ती जाळीवर मांडली. सालं तडतडायला लागली, वास सुटला आणि आप्पांची कळी खुलली.

“जिल्हा पेठेत एक बाई होत्या,” त्यांनी सुरुवात केली. “नवीन कनेक्शन मिळालं. पाच वर्षं नंबर लावून. मी रेग्युलेटर बसवायला गेलो तर बाईंनी सिलिंडरला हळदकुंकू लावलेलं, हार घातलेला, आणि पेटलेलं निरांजन घेऊन ओवाळून राहिल्या!”

“मग?” तेजलने ही गोष्ट शंभरदा ऐकली असणार, तरी विचारलं.

“मग काय? मी धावत जाऊन फुंकर मारली. तर मलाच शिव्या. शुभकार्यात दिवा विझवला म्हणे. चहा तर नाहीच, पाणीसुद्धा विचारलं नाही बाईंनी.”

आम्ही तिघं इतके हसलो की आतून काकू पुऱ्यांचं पीठ मळता मळता बाहेर डोकावल्या. “निरांजन का?” त्यांनी विचारलं आणि परत आत गेल्या.

हसू ओसरतंय तोवर ग्रिलची ज्योत फुरफुरली, निळी झाली, बारीक झाली आणि गेली. वांगी एका बाजूने शेकलेली, दुसऱ्या बाजूने कच्ची.

“संपला,” आप्पा म्हणाले. “कधी आणलेली टाकी?”

“तीन आठवडे झाले.”

“आणि ग्रिल किती वेळा पेटवलं?”

“तीनदा… चारदा.”

आप्पांनी भुवया वर केल्या. मी मात्र लगेच ऐटीत उठलो. म्हटलं, बघा, आता स्टॉक कामाला आला की नाही! रिकामी टाकी सोडवली, भरलेली एक उचलली, तेवढ्यात आप्पा म्हणाले, “थांब. वजन कर.”

“वजन?”

“सिलिंडर दारात आला की आधी वजन करायचं. तुझी आई करत नव्हती?”

“कशावर करायचं, आप्पा?”

“तेजल, तो आपल्या बॅगांचा काटा आण.”

विमानात बॅग जड झाली तर काय, या धास्तीने आपली माणसं जो हुकाचा छोटा काटा बरोबर आणतात, तो काकूंच्या पर्समध्येच होता. मी टाकीच्या कड्यात हुक अडकवला आणि दोन हातांनी टाकी उचलून धरली. आप्पांनी आकडा वाचला, साडेचौदा किलो. मग टाकीच्या गळपट्टीवर ठोकलेला रिकाम्या टाकीच्या वजनाचा आकडा बोटाने चाचपून वाचला. तो पौंडांत होता. तेजलने फोनवर हिशेब केला.

“म्हणजे गॅस आत पावणेसात किलो,” ती म्हणाली.

“आणि मावतो किती?”

मी टाकीवर वाचलं. “वीस पौंड. म्हणजे नऊ.”

“नऊच्या जागी पावणेसात!” आप्पा ताडकन उभे राहिले. “कोण देतं ही टाकी?”

“मॉलच्या बाहेर पिंजरा असतो, आप्पा. रिकामी द्यायची, भरलेली घ्यायची. आणि चोरी नाहीये ती. हे बघा, खाली लेबलवर बारीक अक्षरात लिहिलंय, पंधराच पौंड भरतात म्हणून.”

आप्पांनी चष्मा कपाळावर सरकवून ते लेबल नाकाला लावून वाचलं.

“लिहून चोरी!” ते म्हणाले. “आमच्याकडे निदान लपवून तरी करायचे.”

तेजलला हसू आवरेना. मला वाटलं, चला, वातावरण परत रुळावर आलं. मी टाकी ग्रिलखाली बसवली, नळीचं तोंड फिरवून घट्ट केलं आणि टाकीचा कान, म्हणजे वरची चावी, उघडला. लायटर टेबलावर होता. तो आणायला मी वळलो. परत आलो तेव्हा आप्पा वाकून ग्रिलखाली काहीतरी बघत होते, ते उठून खुर्चीत बसले. काकू पुऱ्यांचं ताट झाकून बाहेर आल्या आणि ग्रिलला टेकूनच उभ्या राहिल्या. तेजल माझ्या शेजारी चिमटा घेऊन.

“लाव,” आप्पा म्हणाले. “तू बघून घेतलंस ना सगळं?”

मी लायटर जाळीपाशी नेला. बोट खटक्यावर. आणि ते बोट काही हलेना.

काय सांगू, त्या दोन सेकंदांत माझ्या डोळ्यांसमोर यावल नव्हतं की लग्न नव्हतं. काकूंच्या नऊवारीचा काठ होता. तो ग्रिलच्या पायाला लागत होता. आणि साबणाचं पाणी म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं, पण ते कशासाठी तरी लावत असतील, एवढं कळत होतं.

मी लायटर टेबलावर ठेवला.

“आप्पा, मी खोटं बोललो.”

तेजलने हातातला चिमटा खाली केला.

“साबणाचं पाणी मी कधीच लावलेलं नाही. दर वेळी नाही, एकदाही नाही. कसं लावतात तेही मला ठाऊक नाही. तुमच्यासमोर बरं दिसावं म्हणून बोललो. काकू, तुम्ही जरा लांब व्हा. तेजल, तूसुद्धा.”

तेजल माझ्याकडे बघत राहिली. तिचा चेहरा असा झाला होता की मला वाटलं, संपलं. दोन वर्षांचे डबे, सगळं संपलं.

आप्पा शांतपणे उठले. “वाटीत पाणी आण,” तेजलला म्हणाले. “भांड्यांच्या साबणाचे चार थेंब टाक, आणि फेस येईपर्यंत ढवळ. ब्रश असला तर आण.”

तिने वाटी आणली, तेल लावायचा ब्रश आणला. आप्पा गुडघ्यावर बसले, त्यांनी मला शेजारी बसवलं, खाली हात घालून टाकीचा कान फिरवला आणि सांध्यावर फेस लावला. काही झालं नाही. मग नळीवरून ब्रश फिरवत फिरवत ते वाकणापाशी आले. तिथे एक बुडबुडा आला. वाटाण्याएवढा. मग लिंबाएवढा. फुटला. लगेच त्याच्या शेजारी दोन आले, मग एकदम पाच-सहा, आणि तिथे साबणाचं एक फूलच फुललं.

“अग्गोबाई,” काकू म्हणाल्या.

आप्पांनी टाकी बंद केली. नळी वाकवून दाखवली. वाकणावर रबर सुकून त्याला केसाएवढी चीर गेली होती.

“ग्रिल विझवताना काय बंद करतोस?”

“ही समोरची बटणं.”

“टाकी नाही?”

“नाही.”

“मग तीन आठवड्यांत चारदा पेटवून टाकी संपली कशी, ते कळलं का आता? निम्मा गॅस तू जाळला, निम्मा ओहायो राज्याला फुकट दिला. आणि वर स्टॉक करून राहिला.”

आप्पांनी हात झटकले.

“चल. गाडी काढ. नळी आणू. आणि ती रिकामी टाकी घे बरोबर. बदलायची नाही, भरून आणायची. भरून देणारा असेलच ना कोणी इथं?”

तेजलने फोनवर शोधलं. दहा मैलांवर एक जुनं हार्डवेअरचं दुकान होतं. निघताना मी तिच्याकडे बघितलं, तर तिने वांग्यांवर झाकण घातलं आणि आत निघून गेली.

टाकी आप्पांनी स्वतः पुढच्या सीटसमोर दोन पावलांच्या मध्ये उभी धरली, तोंडाला प्लास्टिकचं बूच लावून. चारही काचा खाली. सप्टेंबरचं छान ऊन होतं, दोन्हीकडे मक्याची शेतं, आणि गाडीत वारा असा भणाणत होता की बोलायचं तर ओरडावं लागत होतं. आप्पांनी दहा मैलांत दोनच वाक्यं ओरडली. “आडवी टाकू नये कधी!” हे एक, आणि “मका चांगला आहे!” हे दुसरं. माझ्या खोटेपणाबद्दल अवाक्षर नाही. मला वाटलं, रागावले असते तर बरं झालं असतं.

दुकानाच्या मागे एक भली मोठी आडवी टाकी होती आणि तिथे एक पांढऱ्या दाढीचा, खांद्यावर पट्टे असलेली पँट घातलेला म्हातारा. शर्टावर नाव शिवलेलं, वॉल्टर. त्याने आमची टाकी घेतली आणि सरळ गळपट्टीवर बोट ठेवलं. त्याच क्षणी आप्पांनीही तिथेच बोट ठेवलं होतं. दोघांची बोटं एकमेकांवर आपटली.

“तारीख,” आप्पा मराठीत म्हणाले.

“डेट,” वॉल्टर म्हणाला.

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मी सांगतो तुम्हाला, इंजिनिअरिंगच्या रियुनियनला माझे वर्गमित्र एकमेकांना असे भेटले नव्हते.

“बारा वर्षं झाली की मी हात लावत नाही टाकीला,” वॉल्टर म्हणाला. मी भाषांतर केलं. “हिला अजून दोन आहेत.”

“त्याला विचार, वजनावर भरतो का?”

वॉल्टरने टाकी काट्यावर ठेवून दाखवली.

“पूर्ण भरतो का?”

“वीस पौंड म्हणजे वीस पौंड. वरचा पाचवा हिस्सा रिकामा सोडायचाच असतो, उन्हात गॅस फुगतो म्हणून. पण तेवढाच.”

आप्पांनी खिशातून बॅगांचा काटा काढला आणि वॉल्टरला दाखवला. पिंजऱ्यातल्या टाकीची कहाणी त्यांनी मराठीत, हातवारे करून, मधूनमधून “फिफ्टीन! नॉट ट्वेंटी!” म्हणत सांगितली. मला भाषांतर करावंच लागलं नाही. वॉल्टर गुडघ्यावर हात आपटून हसला.

“मी तीस वर्षं हेच सांगतोय लोकांना,” तो म्हणाला. “ऐकतो कोण?”

टाकी भरून झाल्यावर त्याने कमरेची फवारणीची बाटली काढली आणि तोंडावर काहीतरी मारलं. पांढरा फेस आला. एकही बुडबुडा नाही.

“साबणाचं पाणी!” आप्पा जवळजवळ ओरडले. माझा दंड धरून त्यांनी मला पुढे ओढलं. “बघ साळवी, बघ. आपल्यातला माणूस आहे हा!”

नव्या नळीसकट भरलेली टाकी घेऊन निघालो, तेव्हा गॅसचे पैसे पिंजऱ्यापेक्षा बरेच कमी पडले होते आणि गॅस पूर्ण होता. वॉल्टरने आप्पांना गाडीपर्यंत पोचवलं. हात हलवता हलवता आप्पा मला म्हणाले, “याला भरिताला बोलवायला हवं होतं. पण दुकान सोडून येईल कसा बिचारा.”

परत आल्यावर नळी मी बसवली. आप्पांनी एका बोटानेही मदत केली नाही. साबणाचं पाणी मी केलं, मी लावलं, सगळ्या सांध्यांना, आणि प्रत्येक सांध्यापाशी पन्नास आकडे मोजले. बुडबुडा नाही. मग झाकण उघडं ठेवून पेटवलं. जीव भांड्यात पडला.

वांगी काळी कुळकुळीत भाजली. सालं काढून काकूंनी ती मोठ्या पातेल्यात घेतली, भाजलेल्या हिरव्या मिरच्या आणि लसूण घातला आणि मला लाटणं देऊन म्हणाल्या, “ठेच. दया करू नको.” मग दाणे, कांद्याची पात, कोथिंबीर आणि वरून तेलाची फोडणी. जेवायला बसलो तेव्हा पावणेपाच वाजले होते. भूक अशी लागली होती की पहिली दहा मिनिटं कुणी बोललंच नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि हात काही थांबत नव्हता. आप्पांनी सात पुऱ्या खाल्ल्या. काकू मोजत होत्या.

“वांगं चांगलं निघालं,” आप्पा बोटं चाटत म्हणाले.

तेवढा धीर मला पुरला. “आप्पा,” मी विचारलं, “मी तेव्हा पेटवलं असतं तर?”

“पेटलं नसतं.”

“म्हणजे?”

“टाकी बंद होती. तू लायटर आणायला वळलास तेव्हा मी बंद केली.”

तेजलने घास ताटात ठेवला. “म्हणजे हा खोटं बोलतोय हे तुम्हाला माहीत होतं?”

“एकतीस वर्षं मी लोकांच्या घरात जाऊन हाच एक प्रश्न विचारला, बेटा. सगळे हेच म्हणतात. हो तर, दर वेळी. वकील म्हणाले, मास्तर म्हणाले, एक कलेक्टर म्हणाले.” त्यांनी आठवी पुरी उचलली. “मी ऐकून घेतो आणि आपला फेस लावून बघतो.”

पुरी खाल्ली, हात धुतले आणि ते बाहेर जाऊन खुर्चीत डोळे मिटून बसले. मी आणि तेजल भांडी घासत होतो. मी एक कढई तीनदा घासली.

“मला विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं साबणाच्या पाण्याचं,” ती शेवटी म्हणाली. “आमच्या घरात जन्मल्या मुलाला येतं ते.”

“तू रागावलीयेस?”

“घाबरलेय,” ती म्हणाली. “आता यावलला फोन होईल.”

साडेसात वाजता आप्पांनी आत येऊन फोन मागितला. तिकडे पहाटेचे पाच वाजले होते, पण यावलकरांच्या घरी पाचला चहा होतो म्हणे. काकू दिवाणावर ताठ बसल्या. तेजल दाराच्या चौकटीत. मी ओल्या हातांनी स्वयंपाकघरातच उभा राहिलो, कारण पुढे जायची हिंमत नव्हती.

“राम राम, अण्णासाहेब. झाला का चहा?” आप्पांचा आवाज आला. “हो, हो, तब्येत झकास… नाही हो, तुमच्या मुलात काहीच कमी नाही. हिऱ्यासारखा मुलगा आहे. पण आमच्या पोरीचं इथंच ठरलं.”

तेजलने चौकट घट्ट धरली.

“आजच… हो. कोकणातला आहे. साळवी… मुलगा कसा आहे?”

आप्पा थांबले. त्यांनी मान वळवून स्वयंपाकघरात माझ्याकडे बघितलं आणि माझ्यावरची नजर न हलवता फोनमध्ये म्हणाले, “खोटं बोलतो हो. पण काडी लावायच्या आधी खरं सांगतो. एकतीस वर्षांत मला असा एकच भेटला.”

काकूंनी डोळ्यांना पदर लावला. तेजल येऊन माझ्या ओल्या, साबण लागलेल्या हातांवर अशी आदळली की मागची ताटं खणखणली, आणि मी हसायला लागलो की रडायला ते आजही ती वेगळं सांगते आणि मी वेगळं सांगतो.

“अरे ए साळवी,” फोन ठेवून आप्पा बाहेरच्या खोलीतून ओरडले, “तुझे वडील उठले असतील का आता?”

“नाही, आप्पा. ते सातला उठतात.”

“मग उठव त्यांना,” आप्पा म्हणाले. “मुलगी सांगून आली आहे म्हणावं.”